शेजारच्या आंटींनी मिळवून दिलेला चिनी काढा घेऊ का?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका ३४ वर्षांच्या, लग्नानंतर सिंगापुरात स्थायिक. गेल्या वर्षी नवव्या आठवड्यात गर्भपात झाला. आता पुन्हा दिवस राहिलेत, आठवा आठवडा चालू आहे आणि मागच्या आठवड्यात डाग लागले, मग थोडं रक्तही गेलं. सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयातच असल्याचं आणि हृदयाचे ठोके पडत असल्याचं दिसलं. गर्भपिशवीच्या कडेला थोडं रक्त साठलंय. डॉक्टरांनी योनीमार्गात ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या (गर्भ टिकायला मदत करणाऱ्या संप्रेरकाच्या) गोळ्या दिल्या, दोन आठवड्यांनी परत बोलावलं. समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आंटींच्या सुनेला असाच त्रास झाला होता आणि ‘काढ्याने गर्भ टिकला’. आंटी यांना हाताला धरून त्याच चिनी वैद्यांकडे घेऊन गेल्या. वैद्यांनी दोन्ही हातांची नाडी आणि जीभ पाहून सात दिवसांच्या सात पुड्या दिल्या. त्यातली एक उकळून यांनी दोन वेळा घेतली. नवरा चिडलाय. नाशिकहून सासूबाई म्हणतात, ‘झाडपाल्याचंच घ्यायचं तर आपलं घे’, आणि गर्भपाल रस या आयुर्वेदिक औषधाची डबी कुरिअरने निघालीये. डॉक्टरांना यातलं काहीच सांगितलेलं नाही. पत्राच्या शेवटी त्या लिहितात : ‘काढा चालू ठेवू का? डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे का? नुसती बसून राहिले आणि पुन्हा तसंच झालं, तर मी स्वतःला कधीच माफ करू शकणार नाही.’

नमस्कार,

आधी उत्तर देते, कारणं नंतर. उरलेल्या सहा पुड्या उकळू नका. डॉक्टरांना सांगा, आणि दोन आठवड्यांनी नाही, उद्याच फोन करून सांगा. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आणि फॉलिक अ‍ॅसिड चालू ठेवा. नाशिकची डबी आली की न उघडता कपाटात ठेवा. आणि दोन वेळा काढा घेतला म्हणून रात्र रात्र जागू नका. दोन पेल्यांनी मोठा अपाय होण्याची शक्यता कमीच असते. डॉक्टरांच्या कानावर घातलंत की त्या गरजेप्रमाणे लक्ष ठेवतील.

तुम्ही वैद्यांच्या चिठ्ठीवरची नावं मला लिहून पाठवलीत, हे फार चांगलं केलंत. बहुतेक जणी ‘काहीतरी मुळ्या होत्या’ एवढंच सांगतात. तुमच्या चिठ्ठीत सात नावं आहेत. त्यातली चार म्हणजे तू-स-झ, सांग-जी-शंग, शू-द्वान आणि अ-ज्याव. ही मिळून ‘शौ-थाय-वान’ नावाचा प्रसिद्ध योग, म्हणजे औषधांचं ठरलेलं मिश्रण होतं. १८६० ते १९३३ या काळात होऊन गेलेले वैद्य झांग शी-छुन यांनी तो लिहून ठेवला आणि गर्भ टिकवण्यासाठी तो आजही चीन, तैवान, सिंगापूर सगळीकडे दिला जातो. बाय-झू आणि ह्वांग-छिन ही जोडी तर त्याहून जुनी, चौदाव्या शतकातल्या झू दान-शी यांच्या नावाशी जोडलेली. सातवं नाव गान-त्साव, म्हणजे जेष्ठमधाच्या कुळातलंच मूळ. थोडक्यात, वैद्यांनी तुम्हाला मनाला येईल ते दिलेलं नाही. त्यांच्या शास्त्राप्रमाणे गर्भ धरून ठेवण्याचं काम मूत्रपिंडाच्या शक्तीचं, ती कमी पडली की रक्त जातं, म्हणून ती वाढवणारी औषधं. त्या परंपरेत बसणारं, पाठ्यपुस्तकातलं औषध आहे ते.

त्या पुडीत नेमकं काय आहे हे मात्र तुम्हाला कुणी सांगितलं नसावं. तू-स-झ म्हणजे अमरवेलीच्या जातीच्या वेलाचं बी. सांग-जी-शंग म्हणजे आपल्याकडच्या बांडगुळाचं भावंड. आणि ती वेगळ्या छोट्या पुडीत बांधलेली काळपट तपकिरी, काचेसारखी चकाकणारी वडी, जी उकळायची नाही, गाळलेल्या गरम काढ्यात विरघळवायची, ती अ-ज्याव. ती गाढवाचं कातडं उकळून, आटवून केलेली असते. तुम्ही पत्रात सहज लिहिलंय की घरात अंडंही आणत नाही. हे तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही ती वडी विरघळवली असती का, हा तुमचा प्रश्न. मी फक्त एवढंच म्हणेन की पोटात काय जातंय हे न कळता ते घेणं बरोबर नाही. या वडीच्या मागणीपायी आफ्रिकेतली गाढवं इतकी कमी झाली की आफ्रिकी संघाने २०२४ मध्ये कातड्यासाठी त्यांच्या कत्तलीवर बंदी घातली.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते : ‘नुसती बसून राहिले आणि पुन्हा तसंच झालं तर’. हे वाक्य मी तीनदा वाचलं. काढ्याचा प्रश्न या वाक्यातून आलाय. तुम्ही गृहीत धरलंय की गर्भ राहणं किंवा न राहणं हे तुमच्या धडपडीवर आहे, आणि डॉक्टरांनी ‘दोन आठवड्यांनी या’ म्हटलं म्हणजे त्यांनी हात टेकले.

ब्रिटनमध्ये एक मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या महिन्यांत रक्त गेलेल्या ४,१५३ बायका त्यात होत्या. निम्म्यांना प्रोजेस्टेरॉन दिलं, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, आत काहीही औषध नसलेल्या गोळ्या. प्रोजेस्टेरॉन घेतलेल्या १०० जणींपैकी ७५ जणींना जिवंत बाळ झालं. आणि औषध नसलेल्या गोळ्या घेतलेल्या १०० पैकी ७२ जणींना. हा दुसरा आकडा नीट पाहा. रक्त जात असताना, कुठलंही औषध पोटात नसताना, १०० पैकी ७२. ज्यांचा आधी एखादा तरी गर्भपात झाला होता, म्हणजे तुमच्यासारख्या, त्यांच्यात फरक थोडा जास्त दिसला : प्रोजेस्टेरॉनने ७५, त्याशिवाय ७०. तुमच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या त्या याच आधारावर असणार. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनाही २०२१ पासून हेच सांगतात : आता रक्त जातंय, आधी गर्भपात झालाय आणि गर्भ गर्भाशयात असल्याची खात्री आहे, तर योनीमार्गे प्रोजेस्टेरॉन द्या. तुमच्या बाबतीत तर ठोकेही दिसलेत, म्हणजे पारडं आणखी तुमच्या बाजूने झुकलंय. तेव्हा तुम्ही ‘नुसत्या बसलेल्या’ नाही आहात. या टप्प्यावर पुरावा असलेलं जे एक औषध आहे, ते तुम्ही घेताय.

याच आकड्यांवरून आंटींच्या सुनेची गोष्टही पुन्हा बघता येते. तिला डाग लागले, काढा घेतला, बाळ झालं. आंटींचा अनुभव खरा आहे, त्या खोटं काहीच सांगत नाहीयेत. पण काढा न घेताही १०० पैकी ७० जणींना बाळ होत असेल, तर १०० जणींना काढा दिल्यावर किमान ७० जणी ‘काढ्याने गुण आला’ म्हणून सांगणारच. उरलेल्या ३० जणी त्याबद्दल कुणाशी बोलतील का? आपल्याकडे कुणाचा गर्भपात झाला की ती गप्प बसते, घरचेही गप्प बसतात. चिनी कुटुंबांतही याहून फार वेगळं नसतं. म्हणून आपल्या कानावर येतात त्या सगळ्या गुण आलेल्या गोष्टी. गर्भपाल रसाच्या, अमुक बाबांच्या अंगाऱ्याच्या आणि चिनी काढ्याच्याही.

मग चिनी औषधांवर अभ्यास झालेच नाहीत का? भरपूर झालेत. २०१२ मध्ये गर्भपाताची भीती असलेल्या बायकांवरच्या चिनी वनौषधींच्या ४४ चाचण्या एकत्र करून तपासल्या गेल्या, त्यात ५,१०० बायका होत्या. पहिल्या नजरेला निकाल आशादायक दिसतो : नेहमीच्या औषधाबरोबर चिनी औषध दिलं तर नुसत्या नेहमीच्या औषधापेक्षा जास्त जणींचा गर्भ २८ आठवड्यांपुढे टिकला. पण ज्यांनी ही तपासणी केली त्यांनीच लिहून ठेवलंय की चाचण्यांचा दर्जा हलका होता, आणि एकाही चाचणीत चिनी औषधाची तुलना औषध नसलेल्या गोळीशी केलेली नव्हती. त्या ७२ चं महत्त्व इथे कळतं. तशी तुलना केल्याशिवाय गुण औषधाचा की निसर्गाचा, हे ठरवणार कसं? हे संशोधक हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठातले होते, चिनी औषधांवर काम करणारेच. त्यांना ते पाडायचं नव्हतं.

या औषधाने फायदा होतो की नाही हे अजून ठरलेलं नाही, असं मी यावरून म्हणते. आणि फायदा ठरलेला नसताना धोका किती घ्यायचा, हा खरा विचार आहे. आत्ता तुमचा आठवा आठवडा आहे. दहाव्या आठवड्यापर्यंत बाळाचे डोळे, हृदय, हातपाय, मेंदूची मूळ घडण होत असते. गर्भारपणातला औषधांच्या बाबतीत सगळ्यात नाजूक काळ हाच. तैपेईमध्ये १९८४ ते १९८७ या काळात जन्मलेल्या १४ हजारांहून अधिक बाळांच्या आयांना गर्भारपणात कोणती चिनी औषधं घेतली ते विचारलं होतं. पहिल्या तीन महिन्यांत ‘आन-थाय-इन’ नावाचा गर्भ टिकवण्याचाच काढा घेतलेल्यांच्या बाळांत डोळ्यांचे आणि हाडा-स्नायूंचे जन्मदोष जास्त आढळले, ह्वांग-ल्येन ही दुसरी चिनी मुळी घेतलेल्यांच्या बाळांत मज्जासंस्थेचे. असा अभ्यास ‘याच औषधाने झालं’ असं सिद्ध करत नाही. ज्यांना रक्त जात होतं त्यांनीच काढा घेतला असेल आणि दोष मुळातच असतील, हेही शक्य आहे. तुमच्या चिठ्ठीत ह्वांग-ल्येन नाही, आणि तुमचा काढा म्हणजे तो आन-थाय-इन नव्हे. पण हे निकाल समोर असताना ‘नैसर्गिक आहे, अपाय कसला होणार’ असं मी तरी म्हणू शकत नाही.

तुमच्या चिठ्ठीतल्या ह्वांग-छिनबद्दल यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गान-त्सावमध्ये जेष्ठमधाचंच मुख्य द्रव्य असतं. ते फार घेतलं तर रक्तदाब वाढतो, आणि फिनलंडमध्ये गर्भारपणी ते द्रव्य असलेल्या गोळ्या-चॉकलेटं खूप खाल्लेल्या आयांच्या मुलांवर पुढे परिणाम आढळलेत. काढ्यातलं प्रमाण थोडं असतं हे खरं, पण ते किती, हे चिठ्ठीवरून मोजता येत नाही. आणि सुट्या वनस्पतींत आणखी एक धोका असतो : दिसायला सारख्या, नावाला सारख्या. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या उपचारात एका चिनी मुळीच्या जागी नावात साम्य असलेली दुसरी गेली आणि शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडं खराब झाली. त्यातल्या कित्येकींना पुढे डायलिसिस करावं लागलं.

सिंगापुरात याबाबत बरीच शिस्त आहे, हे सांगायलाच हवं. तिथे चिनी वैद्यांसाठी २००० सालचा कायदा आहे, नोंदणी मंडळ आहे, आणि कोणाची नोंद आहे ते मंडळाच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहता येतं. तुम्ही ज्यांच्याकडे गेलात त्यांचं नाव आजच पाहून घ्या. तयार गोळ्या-चूर्णं आरोग्य प्राधिकरणाच्या यादीत असावी लागतात, त्यात जड धातू किती चालतील याच्या मर्यादा आहेत. पुडीतल्या सुट्या मुळ्यांची तशी एकेक आगाऊ तपासणी होत नाही. चिनी वैद्यकाबद्दल त्या समाजाला असलेला आदरही उगाच नाही. थोंग चाय ही संस्था १८६७ पासून तिथे गरिबांना, कुठल्याही वंशाचा असो, फुकट औषध देत आलीये. हे सगळं असूनही याच सिंगापूरने १९७८ मध्ये बर्बेरीन हे द्रव्य असलेल्या वनस्पतींवर बंदी घातली होती, कारण जी-सिक्स-पी-डी नावाच्या विकराची कमतरता असलेल्या नवजात बाळांना त्याने जीवघेणी कावीळ होण्याची भीती होती. बंदी अलीकडच्या काळात उठली, पण गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीतली खबरदारी तशीच आहे. (बर्बेरीन आपल्या दारुहळदीतही असतं, हे महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.)

‘हजारो वर्षांचं शास्त्र आहे’ हे आंटी म्हणतात, सासूबाईही म्हणतात. दोन्ही शास्त्रं जुनी आहेत आणि दोन्हींत गर्भिणीला काय देऊ नये याच्या लांब याद्या आहेत. चिनी वैद्य गरोदर बाईला करडईचं फूल, कस्तुरी देत नाहीत. म्हणजे वनस्पती गर्भाला इजा करू शकतात हे त्या परंपरेलाही मान्य आहे. फक्त तिने जे धोके ओळखले ते लगेच दिसणारे, रक्तस्राव घडवणारे. सात महिन्यांनी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यातला दोष आणि आठव्या आठवड्यातला काढा यांची सांगड नुसत्या अनुभवाने घालता येत नाही. त्यासाठी हजारो बाळांच्या नोंदी लागतात. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन चिनी ग्रंथातल्या वनस्पतीतून काढलं म्हणून चिनी शास्त्रज्ञ थू यौयौ यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. तरी जागतिक आरोग्य संघटनेने आर्टेमिसिनिनवर आधारलेलं एक औषध पहिल्या तीन महिन्यांत नेहमीसाठी द्यायला मान्यता दिली ती २०२२ मध्ये, अनेक वर्षांच्या नोंदी जमल्यावर. चिनी वनौषधींतलं जगात सगळ्यात यशस्वी ठरलेलं औषध जर इतकं थांबलं, तर तुमच्या पुडीतल्या सात औषधांनी थोडं थांबायला काय हरकत आहे?

आता सासूबाईंची डबी. गर्भपाल रसाच्या पाठात हिंगुळ असतो, म्हणजे पाऱ्याचं संयुग, आणि नाग भस्म असतं, म्हणजे शिसं. शिसं नाळेतून बाळापर्यंत पोचतं आणि गर्भारपणात त्याचं सुरक्षित असं प्रमाण नाही. शुद्ध करून, मारून (म्हणजे भस्म करून) घेतलेलं असतं हा युक्तिवाद मला माहीत आहे. बाळाच्या मेंदूच्या बाबतीत मी तो मान्य करणार नाही. चिनी काढा नको म्हणताना ‘आपलं’ म्हणून हे घेतलंत, तर आगीतून फुफाट्यात. दोन्हींना एकच कसोटी लावा.

आता समजा, हे सगळं वाचूनही तुम्हाला त्या वैद्यांकडे जायचंय. तिथे कुणीतरी दहा मिनिटं हात हातात घेऊन नाडी बघतं, झोप कशी लागते, भूक लागते का, मनात काय चाललंय विचारतं. तुमच्या डॉक्टरांनी चार मिनिटांत संपवलं, असं तुम्ही लिहिलंय. ती गरज खरी आहे आणि तिची लाज वाटायचं कारण नाही. मग जा. पण त्यांना सांगा की बारा आठवडे होईपर्यंत पोटात काही घेणार नाही. प्रोजेस्टेरॉन चालू आहे हेही सांगा. चांगला वैद्य यावर रागावणार नाही, उलट काय खावं, कसं झोपावं ते सांगेल. आणि जो म्हणेल की डॉक्टरांची औषधं बंद करा, त्याच्याकडे पुन्हा पाऊल टाकू नका.

ज्या वाचक मैत्रिणी वेगळ्या तक्रारीसाठी असाच विचार करत असतील त्यांच्यासाठी थोडं. मळमळीसाठी आलं चालतं, त्याला बऱ्यापैकी आधार आहे. बाळ पायाळू असेल तर पायाच्या करंगळीजवळ औषधी वनस्पती जाळून तिचा शेक देण्याचा चिनी उपचार शेवटच्या महिन्यांत करतात. त्याचा थोडा उपयोग होत असावा असं अभ्यास सांगतात आणि त्यात पोटात काही जात नाही, पण डॉक्टरांना विचारूनच. शेवटच्या तिमाहीत तळहात-तळपायांना रात्री खाज सुटली तर ती ‘उष्णता’ समजून काढा घेऊ नका. यकृत आणि पित्ताम्लांची रक्ततपासणी त्याच आठवड्यात करून घ्या. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, चेहऱ्यावर सूज, वाढलेला रक्तदाब, यावर कुठलीच मुळी नाही. सरळ रुग्णालय गाठायचं.

डॉक्टरांना सांगायचं कसं, हे तुम्हाला अवघड वाटतंय. त्या ओरडतील अशी भीती आहे. सिंगापुरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना हे रोजचंच असतं, त्यांच्या कितीतरी रुग्ण चिनी औषधं घेतात. एवढंच म्हणा : ‘मी अमुक तारखेला दोन वेळा चिनी काढा घेतला, आता बंद केलाय. ही चिठ्ठी.’ चिठ्ठीचा फोटो ठेवाच, आणि वैद्यांच्या दवाखान्यातून वनस्पतींची लॅटिन नावं लिहून मागा, म्हणजे घोळ होणार नाही. त्याच फोनवर दोन गोष्टी विचारून घ्या : तुमचा रक्तगट निगेटिव्ह आहे का आणि असेल तर काही इंजेक्शन लागेल का, आणि पुढची सोनोग्राफी थोडी आधी करता येईल का. दुसऱ्या प्रश्नामागे वैद्यकीय कारण फारसं नाही. पण तुमच्या जिवाला थोडा विसावा मिळणार असेल तर ते कारण पुरेसं आहे, आणि तसं डॉक्टरांना सांगायला हरकत नाही. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, खूप मळमळ आणि उजव्या बरगडीखाली दुखलं तर लगेच कळवा, यकृताची तपासणी करता येते.

पाय उशीवर ठेवून दिवसभर पडून राहायला सांगणाऱ्या दोन मावश्या तुमच्याकडेही असतीलच. सक्तीच्या विश्रांतीने गर्भपात टळतो असं अजून तरी दिसलेलं नाही. थकवा आला तर आडव्या व्हा, बरं वाटलं तर ऑफिसला जा. रक्त एका तासात दोन पॅड भिजतील इतकं जाऊ लागलं, पोटात एका बाजूला जोराची कळ आली, खांदा दुखू लागला, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा ताप चढला, तर वाट पाहू नका. सिंगापुरात केके महिला व बाल रुग्णालयात स्त्रियांसाठी चोवीस तास चालणारा तातडीचा विभाग आहे. नवऱ्याला त्याचा रस्ता आजच दाखवून ठेवा.

आणि पुन्हा तसंच झालं तर? हा प्रश्न तुम्ही विचारलाय, तो मी टाळणार नाही. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच चूक असते. ती चूक बहुतेकदा बीज तयार होताना किंवा फलन होतानाच झालेली असते. ती पपईने होत नाही, जिना चढल्याने होत नाही, काढा न घेतल्याने होत नाही, आणि कुठलाच काढा ती दुरुस्त करू शकत नाही. गेल्या वर्षीही तुम्ही काही कमी केलं नव्हतं. दुर्दैवाने दुसऱ्यांदा झालंच, तर तेव्हा करण्यासारखं पुष्कळ आहे : गर्भाच्या पेशींची गुणसूत्र तपासणी, थायरॉइड, रक्त गोठण्याशी संबंधित प्रतिपिंडांच्या तपासण्या, गर्भाशयाची नीट सोनोग्राफी. दोन गर्भपातांनंतर या तपासण्या मागायचा तुम्हाला हक्क आहे, तिसऱ्याची वाट पाहायला लावली तर डॉक्टर बदला. यातल्या काही कारणांवर ठाम उपचार आहेत.

घरचं राहिलं. नवरा चिडलाय ते भीतीपोटी, गेल्या वर्षी त्याचंही बाळ गेलं. त्याला काढ्यावरून वाद घालायला नको, फोन करताना शेजारी बसायला सांगा. सासूबाईंना ‘तुमचं औषध वाईट आहे’ म्हणू नका. ‘डॉक्टरांनी बारा आठवडे काहीच बाहेरचं घेऊ नको म्हणून सांगितलंय आई, तुमच्या हातच्या डिंकाच्या लाडवांची मी वाट बघतेय, ते मात्र बाळंतपणानंतर पाठवा’ असं म्हटलं तर त्यांनाही काहीतरी करायला मिळेल. आंटींना उरलेल्या पुड्या परत करू नका, त्यांना वाईट वाटेल. त्यांच्या दारात जाऊन सांगा की डॉक्टरांनी सध्या थांबायला सांगितलंय, आणि पुढच्या सोनोग्राफीला नवऱ्याला रजा मिळाली नाही तर तुम्ही याल का, असं विचारा. ज्या बाईने तुम्हाला हाताला धरून वैद्यांकडे नेलं, ती हो म्हणेल.